कठड्याचा हिरवा

सोसायटीच्या ग्रुपवर आलेल्या मेसेजला अंगठा देण्याआधी तो शेवटपर्यंत वाचावा, हे चैत्रालीला कळत नव्हतं असं नाही. पण त्या घटकेला तिच्या उजव्या हातात वरणभाताचा घास होता, घासासमोर लेकीचं, मनूचं, घट्ट मिटलेलं तोंड होतं आणि डावा अंगठा तेवढा रिकामा होता. रिकामा अंगठा फार वाईट.

मेसेज वसंतकाकांचा होता. लालबागची श्रमसाफल्य चाळ पाडून तिच्या जागी 'श्रमसाफल्य हाइट्स' उभी राहिली त्याला बरीच वर्षं झाली, पण गणेशोत्सव समितीचे अध्यक्ष असलेले हे काका अजूनही चौदाव्या मजल्याला 'वरचा माळा' म्हणतात. यंदाच्या गणपतीला आपल्या जुन्या चाळीचाच देखावा करायचा, असं त्यांनी लिहिलं होतं. हितेंद्र नावाचा कॉम्प्युटरवाला मुलगा आपल्या थ्रीडी प्रिंटरवर अख्खी चाळ आणि बोटाच्या पेराएवढे चाळकरी छापून देणार होता. इथवर वाचून चैत्रालीने अंगठा दिला. पुढची ओळ होती, 'रंगवण्याची जबाबदारी घेण्यास तयार असलेल्यांनी अंगठा द्यावा.'

एकच अंगठा आला होता. लगेच टाळ्या, हार, नारळ आणि कुणीतरी रात्री साडेनऊला पाठवलेलं 'सुप्रभात' येऊन पडलं.

"नाही म्हणून सांग ना," सुशांत म्हणाला. सुशांत म्हणजे नवरा. त्याच्या मते जगातले सगळे प्रश्न 'नाही म्हणून सांग ना' इथे संपतात. (सांगायचं मात्र चैत्रालीने.)

पण तिला नाही म्हणवेना. ती दादरच्या हिंदू कॉलनीतली. लग्न होऊन आली ती थेट टॉवरमध्ये. चाळीच्या गप्पा रंगात आल्या, सगळे हसून हसून लोळायला लागले, की कुणीतरी तिच्याकडे वळून म्हणायचं, "तुला काय माहीत म्हणा, तू नव्हतीस." मग ती आपली चहा बघायला उठायची. पाच वर्षांत तिने न लागणारा इतका चहा केला होता की तो सलग ओतला असता तर चिंचपोकळीपर्यंत ओघळ गेला असता. आता निदान चाळ रंगवली तर चाळीत पाय ठेवायला जागा मिळेल, असं तिला वाटलं. आणि असं वाटल्याबरोबर नेहमीप्रमाणे काळजी वाटायला लागली.

काळजीला कारण मिळायलाही वेळ लागला नाही. त्या पेराएवढ्या माणसांना रंग द्यायचा म्हणजे ब्रशला तीन केस असावेत आणि चौथा आलाच तर त्याने शिस्तीत वागावं. ताटलीत रंग कालवून ती ब्रश उचलेपर्यंत पंख्याखाली रंग वाळून खवले धरायचा. पंखा बंद केला की तीच वितळायची. शेवटी एका परदेशी माणसाच्या व्हिडिओत तिला उपाय सापडला. चपटा, घट्ट झाकणाचा डबा घ्यायचा. तळाशी ओलं फडकं अंथरायचं. त्यावर बेकिंगचा कागद आणि कागदावर रंग. खालून ओल मिळत राहते, रंग दिवसचे दिवस ताजा राहतो. त्याला म्हणायचं वेट पॅलेट.

"गजरा ठेवतात तसंच ना?" सासूबाई मोबाइलमध्ये डोकावून म्हणाल्या. "ओलं फडकं नि डबा. त्यात एवढं फॉरेनचं काय?"

सासूबाईंचं नाव लक्ष्मी. माहेर मालवण, सासर लालबाग आणि मत सगळ्या बाबतीत.

पहिलं पॅलेट फुकट गेलं, कारण चैत्रालीने वाण्याकडचा मेणकट कागद आणला आणि त्यावर रंग अळूच्या पानावरच्या पाण्यासारखा इकडून तिकडे पळत राहिला. दुसरं नीट जमलं. त्यासाठी डबा मागून घेतला सासूबाईंचा. पारदर्शक, चपटा, चारी बाजूंनी खटके असलेला. त्यात त्या वाटण ठेवत. (मालवणी घरात देव्हाऱ्यानंतर मान वाटणाच्या डब्याचा. तो सुनेला मिळणं म्हणजे मृत्युपत्रात नाव येण्यासारखं.) सासूबाईंनी आपलं वाटण स्टीलच्या गोल डब्यात हलवलं आणि चपटा डबा देताना एवढंच म्हणाल्या, "वास जाणार नाय हां त्याचा. कितीही घास."

दोनच दिवसांत आतल्या फडक्याला मुंबईच्या हवेने बुरशी आणली. म्हणून फडकं बदलून पॅलेट फ्रीजमध्ये गेलं. तिथे ते मनूच्या हाती लागेल या भीतीने चैत्रालीने झाकणावर लाल अक्षरांत चिठ्ठी चिकटवली, 'हात लावू नये.' मनूला वाचता येत नाही हे तिच्या नंतर लक्षात आलं. पण चिठ्ठी काढायला जीव होईना.

माणसं रंगवून झाली. राहिला तो कठडा. चाळीच्या तिन्ही माळ्यांना पुढून लाकडी कठडा होता आणि तो हिरवा होता, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. फोटो मिळेना. जुन्या फोटोंत कठड्यापुढे पाहुणे उभे, आणि पाहुणे नसतील तिथे कठड्यावर गोधड्या. म्हणून अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी वसंतकाका आणि चाळीतले त्यांचे जुने शेजारी जगनमामा चैत्रालीच्या टेबलाशी खुर्च्या ओढून बसले. तिने पॅलेट उघडून एकेक थेंब मिसळायला घेतला.

"शेवाळी होता," काका म्हणाले.

"शेवाळी? अहो, पोपटासारखा होता. माझ्याकडे होता त्या पोपटासारखा."

"तुमचा पोपट आजारी होता, जगनराव."

"म्हणूनच म्हणतो! आजारी पोपटासारखा!"

आजारी पोपटाच्या दिशेने चैत्राली पिवळा घालत गेली. मग काळा. मग चिमूटभर तपकिरी. पुन्हा पिवळा. तिचा पाठकणा वाकला, मनू टेबलाखाली झोपून गेली. आणि मग अचानक दोन्ही म्हातारे टेबलावर वाकले.

"बस्स," काका म्हणाले. "हात लावू नकोस आता. हाच."

"तंतोतंत," मामा म्हणाले आणि त्यांनी नाक शिंकरलं.

चैत्रालीने तत्क्षणी झाकण लावलं. खट, खट, खट, खट. मतपेटी सील करावी तसं. एखाद्या कागदावर नमुना काढून ठेवावा असं तिच्या मनात आलंही. पण त्यासाठी डबा पुन्हा उघडला असता तर काकांचं मत बदललं असतं. (शहाणी माणसं नमुना काढतात. काळजी करणारी माणसं झाकण लावतात.) सकाळी मनूला शाळेत सोडलं की कठडा रंगवायचा, असं ठरवून ती निजली.

दुसऱ्या दिवशी दिव्यांची अमावास्या. चैत्रालीच्या सासरी, परबांकडे, नियम असा की दुपारी पोटभर मासळी खायची, कारण उद्यापासून श्रावण, म्हणजे महिनाभर मासळी बंद. मग ओटा धुवून, घर पुसून दिवेलागणीला घासलेल्या दिव्यांची पूजा करायची. त्या वेळी घरात माशाचं खवलंसुद्धा दिसता कामा नये. यंदा अधिक महिन्यामुळे श्रावण उशिरा आलेला, पावसाळी मासेमारीबंदी संपून बोटी पुन्हा समुद्रात गेलेल्या. वरळी कोळीवाड्याच्या काशीबाईंनी सकाळीच दोन पापलेटं आणून दिली. चाळीच्या काळापासून त्याच मासळी देत. पापलेटं अशी की सुशांतने आधी त्यांचा फोटो काढला.

सकाळ घर आवरण्यातच गेली, कठडा तसाच राहिला आणि चैत्राली मनूला आणायला शाळेत गेली. सासूबाई बाल्कनीत बसून चिंच लावून समया घासत होत्या. सुशांत घरून काम करत होता. म्हणजे कानात हेडफोन, नाकात सर्दी आणि अंगात हाफ पँट.

"सुशांत, हात भरलेत माझे! फ्रीजमधलं हिरवं वाटण पापलेटांना चोळून ठेव रे."

सुशांतने फ्रीज उघडला. आईचा वाटणाचा डबा तो लहानपणापासून ओळखत होता. चपटा, खटक्यांचा. आत हिरवंगार वाटण. वरून 'हात लावू नये' अशी लाल चिठ्ठी. त्या चिठ्ठीने तर उरलीसुरली शंका फिटली, कारण आईच्या वाटणाला हात लावू नये हाच या घराचा कायदा होता.

चैत्राली मनूचा हात धरून आत आली तेव्हा सिंकमध्ये डबा पडला होता. आतलं फडकं आणि कागद सुशांतने नीट घडी घालून बाजूला ठेवला होता.

"यातला रंग कुठाय?" तिने विचारलं.

"थांब, म्यूट करतो. काय?"

"यातला हिरवा."

"लावलं ना. आईने सांगितलं होतं." त्याने अभिमानाने ताटावरचं झाकण उचललं. आत दोन हिरवी पापलेटं होती. पोटात, पाठीवर, कल्ल्यांच्या मागे, कुठे म्हणून कमी नाही. त्याने आयुष्यात कधी कुठलं काम इतकं मन लावून केलं नव्हतं. "एक थेंब वाया घालवला नाही. जरा चिकट होतं यावेळी."

"सुशांत, तो ॲक्रिलिक आहे."

"मीठ कमी होतं. घातलं मी."

"मीठ घातलंस? माझ्या कठड्यात?" आणि मग तिला खरा प्रश्न सुचला. "कमी होतं हे तुला कसं कळलं?"

त्याने जीभ बाहेर काढली. जीभ आजारी पोपटासारखी होती. तंतोतंत.

"बाबाने रंग खाल्ला," मनू गंभीरपणे म्हणाली. "बाबा वेडा आहे."

चैत्रालीने फोन लावला. घाईत तिच्या बोटांना एकच डॉक्टर ठाऊक होता, मनूचा.

"रंग खाल्लाय? बाटलीवर काय लिहिलंय? बिनविषारी? मग घाबरू नका, पाणी पाजा. बाळाचं वजन किती?"

"ब्याऐंशी किलो."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"त्यांनाही पाणीच पाजा," डॉक्टर म्हणाले.

सुशांतला पाणी पाजून, चूळ भरायला लावून ती वळते तो काय, आरडाओरड्याने आत आलेल्या सासूबाईंनी एक पापलेट नळाखाली धरून खसाखसा धुतलं होतं. "असं कसं जात नाय? माझ्या हातून तेलकट तव्याचा डाग जातो!" हिरवं पाणी गोल गोल फिरत जाळीत शिरत होतं. चाळीचा पहिला माळा चैत्रालीच्या डोळ्यांदेखत मोरीत गेला.

"आई! दुसऱ्याला हात लावू नका!"

घरात पहिल्यांदाच तिचा आवाज एवढा चढला होता. सासूबाईंनी नळ बंद केला.

तिने घाईघाईने बाटल्या काढून नवा रंग कालवून पाहिला. शेवाळी झाला. पिवळा घातला, निरोगी पोपट झाला. काळा घातला, पोपट मेला. तिच्या फोनमध्ये आदल्या रात्री झाकणावरूनच काढलेला फोटो होता, त्यात रंग निळसर. सुशांतच्या फोनवर पाठवला तर तिथे तो खाकी. काका आणि मामा संध्याकाळी काम बघायला येणार होते. आपण त्यांना काय सांगणार? काल डोळ्यांत पाणी आणून जुळवलेली तुमची चाळ माझ्या नवऱ्याने चाखली? मग आयुष्यभर चहाच.

रडायला म्हणून ती उरलेल्या पापलेटासमोर बसली. आणि तिच्या लक्षात आलं की रंग वाळलेला नाही. तासभर होऊन गेला होता, वर पंखा फिरत होता, तरी रंग लोण्यासारखा ओला होता. खाली ओलं, गार अंग. वर पातळ कातडी. त्यावर रंग. तिला व्हिडिओतलं वाक्य आठवलं. तो परदेशी माणूस एवढा वेळ ज्याचं वर्णन करत होता, ते पापलेटच होतं.

तिने ब्रश घेतला, पापलेटाच्या पाठीवर टेकवला आणि कठड्याच्या पहिल्या दांडीवरून ओढला. तोच हिरवा.

"दिवे लावायच्या आत ता घराबाहेर जावक होया," सासूबाई थेट मालवणीवर आल्या. त्या मालवणीवर आल्या की तडजोड नसते. "नायतर मी जातंय."

त्या दिवशी परबांच्या घरात गटारीला मुगाची खिचडी झाली. सासूबाईंनी ती पानात वाढताना एकदाही कुणाकडे बघितलं नाही. चैत्राली जेवलीच नाही. ती दांड्या रंगवत होती. पाठीवरचा रंग संपला की सुशांत दोन बोटांनी शेपूट धरून पापलेट उलटं करायचा. एव्हाना तो रजा टाकून बसला होता. मनू वहीच्या पुठ्ठ्याने माशा हाकत होती. तिसरा माळा झाला. दुसरा झाला. पहिल्याला फक्त गालांवरचा रंग उरला.

तेवढ्यात दारातून हाक आली. "काय गो लक्ष्मी, कसा लागला पापलेट?" काशीबाई होत्या. देखाव्यात टोपली घेतलेली त्यांची बाहुली होती, ती बघायला आल्या होत्या. त्या दोन पावलं आत आल्या आणि थांबल्या.

"अगं बाय माझे! काय केलंव माझ्या पापलेटाचं?"

कुणी उत्तर द्यायच्या आत त्यांच्या मागून वसंतकाका आणि जगनमामा आत आले. काकांनी चष्मा पुसला. टेबलावर चाळ होती. चाळीसमोर ताटात हिरवं पापलेट होतं. सून ब्रशने पापलेटाचा गाल खरवडत होती आणि मुलगा शेपूट धरून उभा होता.

चैत्रालीने सगळं सांगून टाकलं. मधे मधे "सॉरी काका" घालून. सुशांतने पुरावा म्हणून जीभ दाखवली.

"म्हणजे," काका सावकाश म्हणाले, "हा माशावरचा रंग. आणि हे गणपतीसमोर मांडायचं?"

चैत्रालीने ब्रश खाली ठेवला. ही गोष्ट तिच्या डोक्यातच आली नव्हती. एवढ्या काळज्या केल्या, आणि नेमकी करायची ती राहिली.

"का नाय मांडायचं?" काशीबाईंनी कमरेवर हात ठेवले. "आमच्या कोलीवाड्यान गणपती येतो तो काय नाकाला रुमाल लावून येतो? दारात जाळी, अंगणात सुकट. दीड दिवस सुखानं बसतो. तुमचा गणपती काय वेगळा हाय?"

"तसं नाही काशीबाय, पण…"

"पण काय? चाळीत कठड्यावर काय वाळायचं, वसंता? धोतर?"

काकांनी पुन्हा चष्मा पुसला. मामा मात्र पुढे सरकून चाळीवर वाकले होते. दुसऱ्या माळ्याशी त्यांनी नाक नेलं. डोळे मिटले. मोठा श्वास घेतला.

"वसंतराव," ते म्हणाले, "इकडे या. वास घ्या."

काका वाकले.

"मे महिना," मामा म्हणाले. "तुमच्या आईचे बोंबील. कठड्याला बांधलेल्या दोरीवर. आपण क्रिकेट खेळताना…"

"…बॉल लागून खाली पडायचे," काका म्हणाले. "काल रंग बरोबर होता, पण काहीतरी कमी होतं. मला रात्रभर झोप नाही."

"मीठ कमी होतं," सुशांत म्हणाला.

सासूबाईही आल्या, वाकल्या, आणि पदर डोळ्यांना लावून सरळ झाल्या. मग एकेक करून सगळे चाळीचा वास घेऊ लागले. हसू लागले, भांडू लागले, कुणाचे बोंबील कुणी चोरले ते काढू लागले. सवयीने चैत्राली चहा करायला उठली.

"बस," काका म्हणाले. "तू कुठे चाललीस?"

हितेंद्रने चुकून एक बाईची बाहुली जास्त छापली होती. ती कुणाची ते त्यालाही सांगता येत नव्हतं. काकांनी ती उचलून दुसऱ्या माळ्यावर परबांच्या खोलीसमोर ठेवली. "ही तुझी. साडीला कठड्याचाच रंग दे."

चैत्रालीच्या डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं. तिने पापलेटाच्या गालावरचा शेवटचा हिरवा ब्रशवर घेतला, चांगला जाड, आणि त्या साडीला दोन हात दिले. दिवेलागणीला पाच मिनिटं असताना काशीबाई ताट घेऊन खाली उतरल्या. घरात समया लागल्या.

गणेश चतुर्थीला देखावा मांडवात गेला. फुलं, उदबत्त्या, लाइट. चाळ सोडून विरार-डोंबिवलीला गेलेली माणसं मुद्दाम आली आणि कठड्यांवर वाकवाकून वास घेऊन गेली. चैत्राली काठपदराची साडी नेसून शेजारी उभी होती. विचारेल त्याला आणि न विचारेल त्यालाही दाखवत होती, "ती दुसऱ्या माळ्यावरची ना, ती मी."

आरती संपली, लोक प्रसादाला वळले, आणि पार्किंगमधला बोका मांडवाच्या कनातीखालून आला. त्याने चाळीभोवती एक फेरी मारली. तीन माळे हुंगले. काशीबाईंच्या टोपलीत रंगवलेली एवढी मासळी होती, तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग दुसऱ्या माळ्यावरची हिरव्या साडीतली चैत्राली अलगद तोंडात धरली आणि गाड्यांखाली पसार झाला.

सुशांत धावला. मनू धावली. ओंजळभर प्रसाद घेऊन हितेंद्रही धावला. बोका सापडला, बाहुली सापडली नाही.

चैत्राली रिकाम्या जागेकडे बघत राहिली. सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. वसंतकाका आले, त्यांनी चष्मा लावला आणि वाकून तिन्ही माळे शांतपणे एकदा पाहून घेतले.

"वाईट वाटून घेऊ नकोस," ते म्हणाले. "तसं बघायला गेलं तर आता कुठे देखावा अगदी बिनचूक झाला. तू नव्हतीसच ना."